नाटकाला गेलेली तख्तं

आमच्या घरातलं तख्त वर्षातून एकदा नाटकात काम करायला जायचं.

दिवाळी होऊन हवेत गारवा आला की एका दुपारी गल्लीतले पुरुष दारात येत. आई तख्तावरची गादी काढून भिंतीशी उभी करी. खालचे डबे, शिवणयंत्र, माझ्या शाळेच्या जुन्या वह्या ओढून काढी. मग चौघे जण तख्त कुशीवर करून दारातून बाहेर नेत. ते गेलं की खोली एकदम मोठी व्हायची. एरवी तख्ताखाली झाकलेली शहाबादी फरशी ताजी, निळसर दिसायची. पाण्याचं चौकोनी डबकं असावं तशी. मी त्यात जाऊन बसायचे. आई म्हणायची, "काय बघायलीस गं एवढं?" मला सांगता यायचं नाही. शाळेत दिवसभर इंग्रजी बोलून घरी आल्यावर माझ्याकडे तसेही फार शब्द उरत नसत.

तख्त म्हणजे जाड पायांची, सपाट फळ्यांची लाकडी बैठक. दिवसा त्यावर पाहुणे बसत, रात्री घरातलं कुणीतरी झोपे. आमच्या अंबरपेठेच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक मराठी घरात एक तरी होतं. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या शेतकरी घरांतली आमची माणसं. शहरात येताना त्यांनी जी लाकडी सामानं बैलगाडीतून आणली त्यात हे होतंच. शेती मागे राहिली, पोरं रेल्वेत, बँकेत, दुकानांत लागली, तरी तख्त राहिलं. नाटकाच्या आठवड्यात सगळी गल्ली जमिनीवर झोपायची, कारण सगळ्या घरांची तख्तं गल्लीच्या टोकाला, चिंचेखालच्या मैदानात, एकमेकांना टेकून उभी असायची. त्यांचाच रंगमंच व्हायचा.

कुणाचं तख्त उंच, कुणाचं बुटकं. बुटक्यांच्या पायांखाली विटा जात. सगळ्यांवर मिळून एक जाजम पसरलं की वरून काही कळायचं नाही. पण नटांना पायाखाली कळायचं. बँकेत लागलेल्या एका शेजाऱ्यांच्या तख्तावर पाऊल टाकलं की ठोस आवाज यायचा. आमचं तख्त डावीकडे, अगदी पुढे असायचं आणि त्याची एक फळी करकरायची. नाटकातला राजा मोठ्या गंभीरपणे मागे वळायचा आणि नेमका तिथे पाय द्यायचा. अंधारात बसलेली आई शेजारणीला कोपर मारून म्हणायची, "आपलं बोललं बघ."

मैदान कुणाचं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नव्हतं. वस्तीचे प्लॉट पाडले तेव्हा नकाशात तेवढी जागा मोकळी ठेवली होती, असं मोठी माणसं सांगत. तिथे सकाळी म्हशी बसत, दुपारी पापड वाळत, संध्याकाळी क्रिकेट चाले. एखाद्या लग्नाचा मांडव पडे. चिंचेचं झाड या सगळ्यांकडे झोपेतून बघितल्यासारखं बघत असे.

नाटकं लिहायचे, बसवायचे आणि त्यात राजाही व्हायचे ते समोरच्या घरातले काका. ते सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात कारकून होते. संध्याकाळी परत येताना एका हातात जेवणाचा डबा आणि खिशात नवा प्रवेश असायचा. त्यांच्या सगळ्या नाटकांत एक राजा असे आणि तो राजा मराठी बोलता बोलता चिडला की दख्खनीत शिरे. "प्रधानजी, हे कायकू केलंत?" असं तो म्हणाला की लोक टाळ्या वाजवत, कारण चिडल्यावर सगळे तसेच बोलत.

मी बारावीत असताना त्यांनी मला प्रॉम्प्टर केलं. खरं तर आईनं मला दासीच्या कामासाठी पुढे ढकललं होतं. काकांनी एक वाक्य म्हणायला लावलं. मी म्हटलं. कुणालाच ऐकू आलं नाही.

"हिचा आवाज समोरच्या रांगेपर्यंतसुद्धा जात नाही," आई ओशाळून म्हणाली.

"वहिनी, असाच आवाज मी किती वर्षं शोधायलोय," काका म्हणाले. "नटाला ऐकू येईल, पब्लिकला नाही."

अडचण एकच होती. काकांचं हस्ताक्षर वाचायला मला प्रत्येक ओळीवर थांबावं लागे. मराठी मला बोलता येई, वाचता येई ती एकेका अक्षराला बोट लावून. आणि मी एकटी नव्हते. प्रधान झालेल्या मुलानं आपली वाक्यं तेलुगू अक्षरांत उतरवून घेतली होती, सेनापतीनं उर्दूत, मी इंग्रजीत. तालमीला सगळे आपापले कागद घेऊन बसत आणि ऐकलं तर एकच मराठी ऐकू येई. गल्लीत तेव्हा नुकतंच पुण्याहून एक जोडपं राहायला आलं होतं. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत, ती घरी. त्या वहिनी एकदा तालीम बघायला आल्या, माझ्या खांद्यावरून कागद पाहिला आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे मराठी आहे की औषधाची चिठ्ठी?"

मी कागद मिटला. काका म्हणाले, "वहिनी, औषधच आहे ते. कडू आहे, पण लागू पडतं."

विंगेत, म्हणजे बांबूला बांधलेल्या चादरीमागे, मी बसायचे. तिथून नटांच्या फक्त पाठी दिसायच्या आणि दिव्यांच्या उजेडात तरंगणारी धूळ. मी श्वासाएवढ्या आवाजात वाक्य पुढे सरकवायचे आणि ते क्षणभरानं मोठं होऊन दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडायचं. मला तो क्षण फार आवडायचा. माझं बोलणं जगात जायचं, पण माझं म्हणून नाही.

मग घरांतली सामानं बदलायला लागली. मी कॉलेजात जायला लागले त्या सुमाराची गोष्ट. रस्त्याला नवीन दुकानं झाली, त्यांच्या काचांआड फोमच्या गाद्या आणि चकचकीत पलंग दिसायला लागले. एकेका घरात टीव्ही रंगीत झाला, फ्रीज आला, आणि फ्रीजला जागा हवी म्हणून तख्त गेलं. कुणाचं सुताराकडे जाऊन कपाटाच्या फळ्या होऊन परत आलं. कुणाचं गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली गेलं. त्याच्या जागी बॉक्सबेड आले. आत रजया ठेवायची सोय, डोक्याशी आरसा. ते सुंदर होते, पण खोलीतच जोडलेले, खोलीतून न हलणारे.

एका वर्षी तख्तं कमी पडली. रंगमंचाच्या मधोमध चांगली हातभर फट राहिली. काका ती फट बराच वेळ बघत उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाटकात नदी घातली. राजा एका तीरावर, राजकन्या दुसऱ्या. प्रधान उडी मारून पलीकडे जायचा आणि प्रत्येक वेळी पुढच्या रांगेतली मुलं ओरडायची, "पडला, पडला!" माझ्या आठवणीत आजही ती नदी खरीच आहे. दोन जाजमांच्या मधे काळोख आणि त्यात, मला वाटायचं, थोडं पाणी चमकतंय.

त्याच्या पुढच्या वर्षी नदी आणखी रुंद झाली असती. म्हणून काकांनी ठरवलं, सिमेंटचं पक्कं स्टेज बांधायचं.

"माझ्या स्वयंपाकाच्या ओट्याची फरशी कधीची हलायलीय," काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या. "ती तशीच. आणि तुम्हाला राजाला पक्कं घर बांधायचंय."

"राजाला नाही गं, गल्लीला."

"गल्लीला ओटा नसतो, म्हणून तिची तक्रारही नसते."

पण बांधकामाला पहिलं पाणी मारलं ते काकूंनीच. घराघरांतून सिमेंटच्या गोण्या आल्या. काका रोज ऑफिसातून येऊन अंधार पडेपर्यंत त्या चौथऱ्याभोवती फिरत. तो झाला तेव्हा देखणा होता. तीन पायऱ्या, मागे भिंत, भिंतीला पडद्यासाठी हुक. पहिल्या प्रयोगाला काका राजाच्या वेशात त्यावर चालत गेले, मागे वळले, जिथे आमची फळी करकरायची तिथे थांबले. काहीच वाजलं नाही. त्यांना पुढचं वाक्य मला सांगावं लागलं.

त्या दिवसांत शहर आपल्याच अंगावर वाढत होतं. आज पाहिलेली बाग काही आठवड्यांनी पत्र्याच्या कुंपणाआड दिसे. मी कॉलेजला जामबागेकडे बसनं जायचे, खिडकीशी बसून मोकळ्या जागा बघत राहायचे, आणि त्या एकेक करून डोळे मिटत असल्यासारख्या बंद होत. कळलं की आमच्या भागाचा नवा आराखडा होतोय, मैदानासमोरचा रस्ता रुंद होणार आहे आणि कुठल्या जागेचा काय उपयोग होतो ते बघायला सर्वेची माणसं येणार आहेत.

काका अस्वस्थ झाले. त्यांनी रेल्वेच्या कडेच्या कितीतरी रिकाम्या जागा जाताना पाहिल्या होत्या. "रिकामी जागा म्हणजे बिनदाव्याची गाय," ते म्हणाले. "नाटक वर्षातून एकदा. तो सर्वेवाला यायचा आणि बघायचा तर स्टेजवर कुत्रं झोपलेलं. पडीक म्हणून लिहून टाकेल. त्याला दिसलं पाहिजे की जागा चालू आहे."

मग त्यांनी तेच केलं जे त्यांना येत होतं. प्रयोग बसवला.

सर्वेच्या दिवशी त्यांनी रजा घेतली. गल्लीत टोपल्या घेऊन फिरणाऱ्या भाजीवाल्या बायकांना स्टेजवर बसवलं. पायऱ्यांवर बांगडीवाली. मागच्या भिंतीच्या हुकांना चादरी विकणाऱ्याच्या चादरी टांगल्या. चिंचेखाली चहाची किटली. गिऱ्हाइकं म्हणून गल्लीतल्या बायका. मला झाडाशी उभं केलं होतं, जीप दिसली की ओढणी डोक्यावर घ्यायची, एवढंच काम.

"वहिनी, तुम्ही भाव करा. जोरात," काका आईला सांगत होते.

"कशाचा?"

"वांग्यांचा. नेहमी करता तसा."

"मी नाही करत भाव. तुमच्या कुटुंबाला सांगा, ती करते."

"हौ, मी करते म्हणून घर चालतंय," काकू टोपलीमागून म्हणाल्या. "ह्यांचं तर नुसतं नाटक चालतंय."

"हे ठेव. हेच वाक्य तेव्हा म्हण," काका म्हणाले.

जीप आली. मी ओढणी घेतली. आणि मैदान जागं झालं. बांगड्या वाजल्या, चादरी झटकल्या गेल्या, काकू इतक्या जोरात भांडल्या की भाजीवालीला खराच राग आला. सर्वेवाला तरुण होता, फळीला कागद लावून आलेला. त्यानं काकांना विचारलं, "ये रोज चलता?"

"रोज!" काका म्हणाले. "सुबह से शाम तक. पब्लिक का बहुत आराम है."

तो लिहीत गेला. जाताना आईच्या शेजारी उकिडवा बसला आणि त्यानं स्वतः वांगी घेतली, भाव करून. जीप वळणावर दिसेनाशी झाली तशा सगळ्या बायका हसत सुटल्या. काका स्टेजच्या पायरीवर बसले होते, घामानं ओले. "बघितलंत?" ते म्हणाले. "प्रेक्षक उठून नाटकात आला. आयुष्यात असा प्रयोग झाला नाही."

काही महिन्यांनी आराखड्याचा नकाशा लोकांना बघण्यासाठी ऑफिसात लावला गेला. ऑफिस माझ्या बसच्या वाटेवर होतं. काका म्हणाले, "तू इंग्रजी भराभर वाचतेस. येताना बघून ये, आपलं नाव कसं दिसतंय."

नकाशा भिंतभर होता. त्यापुढे आठ-दहा माणसं मान वर करून उभी होती, देवळात असतात तशी. मी एका कडेला उभी राहिले. शहर इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. घरं पिवळी, रस्ते राखाडी, इथे तिथे हिरवे ठिपके. वाटलं, कुणीतरी शहर धुऊन, पिळून, वाळत घातलंय. मी नाल्याचं वळण शोधलं, मग आमची गल्ली, मग तिचं टोक. तिथे हिरवं नव्हतं. तिथे निळा चौकोन होता. खाली रंगांचे अर्थ दिले होते. निळा म्हणजे बाजार, दुकानं, व्यापार.

मी ते परत वाचलं. शेजारच्या माणसाला विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. घरी येईपर्यंत तो निळा चौकोन माझ्या डोळ्यांपुढे, बसच्या काचेवर, कंडक्टरच्या पाठीवर तरंगत राहिला.

काका अंगणात तुळशीला पाणी घालत होते. मी म्हटलं, "काका, आपलं मैदान निळं आहे."

"निळा चांगला रंग आहे," ते म्हणाले. "मागच्या पडद्याला शोभतो."

"निळा म्हणजे बाजार."

"आणि मैदान?"

"मैदानं हिरवी आहेत. दुसरीकडे आहेत."

त्यांच्या हातातला तांब्या कलता राहिला आणि पाणी तुळशीच्या बाहेर सांडत राहिलं. काकू दारात आल्या होत्या. पहिल्यांदा त्या हसल्याच. "घ्या. वांगी विकली ना?" मग त्यांना नवऱ्याचा चेहरा दिसला. हळू आवाजात म्हणाल्या, "इतकं चांगलं काम कशाला करायचं हो?"

निळा रंग कायम झाला की तिथे दुकानांची इमारत उभी करता येणार होती. रस्ता रुंद होणार, म्हणून तशा चौकशाही सुरू झाल्या होत्या. पांढऱ्या गाडीतून आलेली माणसं चिंचेखाली उभी राहून दोन्ही बाजूंना हात पसरून काहीतरी मापत होती. हरकत घ्यायला थोडे दिवस होते. काकांनी अर्ज केला आणि सुनावणीला मला बरोबर नेलं. मी प्लॉट पाडतानाचा जुना नकाशा वाचून ठेवला होता. त्यावर आमच्या मैदानाच्या जागी मोकळी जागा असं इंग्रजीत स्वच्छ छापलेलं होतं.

साहेबांची खोली लहान होती. पंख्याखाली कागदांवर दगड ठेवलेले. काका टेबलापुढे उभे राहिले, मी त्यांच्या मागे, नेहमीसारखी. त्यांनी सुरुवात छान केली. साहब, हम लोग बहुत पुराने, इथपर्यंत. मग ते थांबले. मला आधी वाटलं, मुद्दाम थांबलेत. राजा असा थांबायचा. मग त्यांच्या कानामागे घाम दिसला.

"जुना नकाशा," मी मागून म्हटलं.

"साहब, पुराना नक्शा है," काका म्हणाले.

"मोकळी जागा लिहिलंय."

"उस में खुली जगह लिखी है."

"बाजार रोजचा नाही."

"बाजार रोज का नहीं है, साहब."

साहेबांनी मान तिरकी करून काकांच्या मागे बघितलं. "पीछे से कौन बोल रहा?" आणि मला बघून तेलुगूत म्हणाले, "अम्मा, मुंदुकु रा." पुढे ये.

काकांच्या मागून टेबलापर्यंत दोन पावलं असतील. मला ती नदी ओलांडल्यासारखी वाटली. मी जुना नकाशा टेबलावर ठेवला, बोटानं जागा दाखवली आणि इंग्रजीत सांगितलं की सर्वेच्या दिवशी जो बाजार दिसला तो नाटक होतं. जागा रिकामी दिसली तर जाईल अशी भीती वाटली म्हणून केलेलं. भाजी घेणाऱ्या बायकांत माझी आई होती.

साहेबांनी आधी माझ्याकडे, मग काकांकडे बघितलं. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "तो आज का ये भी नाटक है क्या?" त्यांनी काकांना विचारलं.

"नहीं साहब," काका म्हणाले. "नाटक होता तो मैं भूलता नहीं."

साहेब हसले. नकाशा जवळ ओढला, चष्मा लावून बघितला. मग म्हणाले की जुन्या नकाशात जागा मोकळी आहे हे खरं. पण आज तिथे पक्कं बांधकाम आहे, सर्वेत भिंत आणि चौथरा आलाय. "खुली जगह लिखूं, तो खुली दिखनी चाहिए. मैं फिर से आदमी भेजूंगा."

परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी बसले. त्यांच्या पुढच्या वाक्याचा कागद माझ्याकडे नव्हता. काचीगुड्याच्या सिग्नलला बस थांबली तेव्हा ते बाहेर बघतच म्हणाले, "पक्कं होतं. पण तुला सांगू का, ते स्टेज कधी बोललंच नाही."

गल्लीत काहींना स्टेज पाडणं पटलं नाही. स्टेज राहू द्या, वरती पत्रा घाला, दुकानं झाली तर गाळे आपल्यालाच मिळतील, असंही कुणी म्हणालं. काकांनी भांडण केलं नाही. संध्याकाळी मैदानात जाऊन सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, "मीच मागितलं होतं, मीच सांगतोय. पाडा." काकू त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी ओट्याचं नाव काढलं नाही.

ज्या दिवशी पाडलं त्या दिवशी काकांनी रजा घेतली नाही. नेहमीच्या वेळी डबा घेऊन सिकंदराबादला गेले आणि संध्याकाळी मागच्या गल्लीतून घरी आले. मी गच्चीवरून बघत होते. पहारींचे आवाज दुपारभर येत होते, मधे थांबत होते, परत येत होते. माती उचलल्यावर खाली फिकट चौकोन राहिला. आमच्या तख्ताखालची फरशी दिसायची तसा, फक्त कोरडा.

वांगी घेणारा सर्वेवाला पुन्हा आला. या वेळी मैदानात म्हशी होत्या आणि पापड. त्यानं इकडे तिकडे बघितलं. "सब कहां गए?" पापड राखत बसलेल्या काकूंना त्यानं विचारलं.

"नाटक खतम," काकू म्हणाल्या आणि त्याला एक पापड दिला.

पुढे कायमचा नकाशा लागला तेव्हा मी एकटीच बघायला गेले. नाला, गल्ली, गल्लीचं टोक. हिरवं. नखाएवढं, पण हिरवं. या वेळी शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईला मी बोट दाखवून म्हटलं, "ते आमचं आहे." तिनं मान डोलावली. तिचंही काहीतरी ती शोधत होती.

दिवाळी झाली, गारवा आला. रंगमंच कशाचा करायचा, कुणालाच ठाऊक नव्हतं. मोजून तीन तख्तं उरली होती, आमचं, काकांचं आणि कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मावशींचं. दुपारी पुण्याच्या वहिनींच्या घरातून ओरडा ऐकू आला. जाऊन बघतो तर त्यांनी आपला बॉक्सबेड द्यायचं ठरवलं होतं आणि तो दारात अडकला होता. आत जाईना, बाहेर येईना. आरशाची बाजू रस्त्याकडे, त्यात सगळी गल्ली दिसत होती.

"वहिनी, तो खोलीतच जोडलेला असतो हो," काका म्हणाले.

"मग मला काय माहीत?" वहिनी पलीकडून, आरशामागून म्हणाल्या. "तुमच्याकडे पलंग नाटकाला जातात, आमच्याकडे नाही जात. मी आता बाहेर कशी येऊ?"

त्या बेडवरून सरपटत, आरशावरून उतरून बाहेर आल्या. सुतार येईपर्यंत त्यांचं येणं-जाणं तसंच चाललं. गल्लीतल्या मुलांचंही.

शेवटी काकांनी जाजम सरळ जमिनीवर पसरलं, जिथे फिकट चौकोन होता तिथेच. तीन तख्तं त्याच्यापुढे मांडली आणि त्यांवर म्हाताऱ्या माणसांना बसवलं. बाकी लोक भोवती, मातीवर. आमचं तख्त पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसलं. बांबू नव्हते, चादर नव्हती, विंग नव्हती.

"मी कुठे बसू?" मी विचारलं.

"इथेच," काका म्हणाले आणि जाजमाच्या कडेला बोट केलं.

दिवे लागले. मी कागद गुडघ्यांवर घेऊन सगळ्यांच्या नजरेसमोर बसले. पुण्याच्या वहिनी शेजारीच होत्या. त्या कागदात डोकावल्या आणि त्यावर उजेड पडावा म्हणून जरा बाजूला सरकल्या. चिंचेची पानं दिव्याच्या उजेडात अगदी बारीक, कुणी वर फुंकर घातल्यासारखी हलत होती. नट इतक्या जवळून मी कधी पाहिले नव्हते. पाठी नव्हे, चेहरे. प्रधान माझ्या अगदी बाजूनं गेला, त्याच्या धोतराचा वारा लागला.

तिसऱ्या प्रवेशात राजा चिडला, मागे वळला आणि थांबला. विसरला की थांबला, कुणाला कळेना. मला तर मुळीच नाही. काका माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते, पाय जिथे ठेवायचा तिथे. लोक मात्र माझ्याकडे बघायला लागले. एकेक करून सगळ्यांच्या माना वळल्या. माझ्या कागदावर वाक्य होतं, माझ्याच इंग्रजी अक्षरांत. हळू म्हटलं तरी सगळ्यांना ऐकू गेलं असतं, मधे काहीच नव्हतं.

मी ते मोठ्यानं म्हटलं. "ही जमीन कुणाची आहे, प्रधानजी?"

समोर तख्तावर बसलेली आई दचकून हलली आणि आमची फळी करकरली. काकांनी मान वर केली. ते हसत होते.

"प्रधानजी," राजा म्हणाला, "ही जमीन कुणाची आहे?"